वनहक्काचा दावा: कागद हातात येण्याआधी आणि आल्यावर

मी किनवट तालुक्यातल्या एका डोंगरकाठच्या गावच्या वनहक्क समितीचा सचिव. आंध, गोंड, कोलाम आणि एक बंजारा तांडा मिळून आमची ग्रामसभा. आजूबाजूच्या गावांतली पोरं येतात आणि एकच विचारतात, "दादा, पट्टा कधी भेटंल?" मी उलटं विचारतो, "कोणता पट्टा?"

कारण वनहक्क कायद्यात पट्ट्यासाठीच्या, म्हणजे हक्काच्या कागदासाठीच्या, दाव्याचे नमुने तीन आहेत. 'अ' वैयक्तिक, 'ब' सामूहिक हक्कांचा आणि 'क' सामूहिक वनसंसाधनाचा. सगळे 'अ'कडं धावतात, कारण त्यात आपली वहितीची जमीन असते. ती १३ डिसेंबर २००५ च्या आधीपासून ताब्यात हवी, मिळते जास्तीत जास्त ४ हेक्टर, आणि पट्ट्यावर नवरा-बायको दोघांचं नाव लागतं. हा पट्टा वारसाला जातो, पण विकता येत नाही. सावकार तो गहाण ठेवून घेत नाही, याची काहींना अडचण वाटते. मला तर बरं वाटतं.

तरी माझं सांगणं असतं की आधी 'क' भरा. त्यात गावाच्या पारंपरिक शिवेतलं अख्खं जंगल राखण्याचा आणि सांभाळण्याचा हक्क येतो. मोहफूल, तेंदू, बांबू गोळा करून विकण्याचा हक्कही त्याच दाव्याबरोबर मागून घ्या. शिवाय आमच्याकडचं एक दुखणं त्यानं हलकं होतं. सीमेपलीकडं तेलंगणात लंबाडा अनुसूचित जमातीत आहेत, इकडं तेच बंजारा विमुक्त-भटक्यांत. त्यामुळं तांड्यावरच्या माणसाला वैयक्तिक दाव्यासाठी तीन पिढ्यांचा, म्हणजे ७५ वर्षांचा रहिवास सिद्ध करावा लागतो. शेजारच्या गोंडाला तो लागत नाही. यावरून पारावर कुरबुरी होतात. 'क' मात्र ग्रामसभेच्या नावानं असतो, त्यात तांडाही आला. हे पहिल्याच सभेत सगळ्यांसमोर बोलून घ्या.

समितीत १० ते १५ माणसं, दोन-तृतीयांश आदिवासी, निदान एक-तृतीयांश बाया. सभेला निम्मे सभासद हजर हवेत, त्यांतही एक-तृतीयांश बाया. रजिस्टर घरोघर फिरवून सह्या घेऊ नका. वर दावा फेटाळायला तेवढंच निमित्त पुरतं.

आता पुरावे. किमान दोन लागतात आणि इथं मराठवाड्याची गोष्ट वेगळी आहे. किनवट १९५६ पर्यंत हैदराबाद राज्यातल्या आदिलाबाद जिल्ह्यात होतं, आणि १९४८ पर्यंत तिथं निजामाचा अंमल होता. त्यामुळं जुने कागद उर्दूत निघतात, वाचणारा शोधावा लागतो. १९५४-५५ चं खासरा पाहणी पत्रक, म्हणजे तेव्हा कोणती जमीन कुणाकडं होती त्याची नोंद, तहसिलात मागा. १९४० मध्ये निजामाविरुद्ध लढणारा गोंड पुढारी कोमरम भीम मारला गेला, त्यानंतर निजाम सरकारनं त्या जिल्ह्यात आदिवासींना पट्टे दिले. कुणाच्या आज्याच्या पेटीत असा कागद असेल तर आधी झेरॉक्स काढा, मूळ कुणाच्या हाती देऊ नका. कागद नसला तरी अडत नाही. म्हाताऱ्यांचे जबाब चालतात, फक्त ते दावेदार सोडून दुसऱ्यांचे हवेत. जबाब मोघम घेऊ नका. "आम्ही पूर्वीपासून जंगलात जातो" याला काही अर्थ नाही. आमच्या एका कोलाम आजीनं मोहाच्या एकेका झाडाचं नाव सांगितलं, कोणत्या झाडाखाली कोणत्या घराची बाई वेचते ते सांगितलं, आणि देवाची जागा, मसणवटा, गुरांचा पाणवठा ओळीनं लिहून घ्यायला लावला. तो जबाब आमच्या फाईलमधला सगळ्यात वजनदार कागद ठरला.

मग शीव फिरायची. वन आणि महसूल खात्याला लेखी कळवा आणि पोच घ्या. त्यांनी हजर राहून शेऱ्यासकट सही करायची असते. शेजारच्या गावालाही बोलवा, नाहीतर नाल्याच्या अलीकडं-पलीकडं वरून भांडण लागतं. आम्हाला एक साहेब म्हणाले, उपग्रहाच्या नकाशात दिसत नाही तर हक्क नाही. नियमात स्पष्ट आहे की उपग्रहाचं चित्र जोडपुरावा आहे, बाकीच्या पुराव्यांच्या जागी ते चालत नाही. दावा पुढं उपविभागीय समितीकडं आणि तिथून जिल्हा समितीकडं जातो. फेटाळला तर कारण लेखी मागा. अपिलाला ६० दिवस असतात.

पट्टा आला की खरी डोकेदुखी पैशाची. गडचिरोलीच्या मेंढा-लेखा गावाला २००९ मध्ये सामूहिक हक्क मिळाला, पण बांबू वाहतुकीच्या परवान्यांचं पुस्तक हातात यायला २०११ उजाडलं. तेव्हापासून बांबूचा पैसा ग्रामसभेच्या खात्यात. तुम्हीही खातं आधी उघडा, सहीला एक बाई ठेवाच. तेंदूत ७० पानांचा पुडा. ठेकेदाराच्या मुन्शीच्या मोजणीवर विसंबू नका, फळीवर, म्हणजे पुडे मोजून घ्यायच्या जागी, गावची दहावी झालेली पोरगी वही घेऊन बसवा. मजुरी घरातल्या कर्त्याकडं न देता पान तोडणाऱ्या बाईच्या खात्यावर टाका. आमच्याकडं यावरून दोन-तीन घरांत धुसफूस झाली, पण वर्षभरात सगळे सरावले.

ऑस्ट्रेलियातल्या मूळनिवासींचं उदाहरण मी सभेत मुद्दाम सांगतो. तिथल्या नॉर्दर्न टेरिटरीत १९७६ च्या कायद्यानं आज जवळपास अर्धी जमीन त्यांच्या मालकीची आहे. तीही विकता येत नाही. कुणाला भाड्यानं द्यायची तर पारंपरिक मालकांना व्यवहार नीट समजला आणि त्यांनी मिळून होकार दिला, याची खात्री लँड कौन्सिलला, म्हणजे त्यांच्या जमिनीचं काम बघणाऱ्या मंडळाला, करावी लागते. पश्चिम आर्नहेम भागात हे लोक कोरड्या दिवसांच्या अखेरचे मोठे वणवे रोखायला कोरड्या दिवसांच्या सुरुवातीलाच बारीक बारीक जाळ लावतात. त्यानं हवा तापवणारे वायू कमी निघतात, आणि त्या कमी झालेल्या वायूंचे त्यांना पैसे मिळतात. आपल्याकडं मोहाखालचा पाचोळा पेटवून लोक डोंगर भाजून काढतात. आम्ही ठराव केला, पाचोळा झाडायचा, पेटवायचा नाही. दंडाची रक्कमही सभेनंच ठरवली.

शेवटचं व्यापाऱ्याबद्दल. वनहक्क नियमांच्या २०१२ च्या दुरुस्तीनंतर वाहतूक परवाना ग्रामसभेची समिती देते. "साहेबाची सही आणा" म्हणाला तर नियमाची प्रत समोर ठेवा. तोंडी भावावर माल देऊ नका, करार सभेत वाचून घ्या, आणि रक्कम खात्यात दिसल्याशिवाय गाडी फळीवरून हलू देऊ नका.