साठ मुलांच्या वर्गात प्रज्ञावान विद्यार्थ्याला कसे शिकवावे

वर्गातल्या अतिशय हुशार मुलाचे काय करावे, असे विचारले की शिक्षककक्षात तीन उत्तरे ठरलेली असतात: त्याला जास्तीची गणिते द्या, त्याला मॉनिटर करा, नाहीतर मागे पडलेल्यांना शिकवायला बसवा. नागपुरात महालातल्या एका शाळेत मी २१ वर्षे पाचवी ते आठवीला गणित शिकवत आहे आणि हे तिन्ही उपाय करून चुकलो आहे. पहिल्या उपायाने मुलाला लवकर काम संपवल्याची शिक्षा होते, दुसऱ्याने तो वर्गाच्या डोळ्यांवर येतो आणि तिसऱ्याने फक्त शिक्षकाचा भार हलका होतो. शिक्षण हक्क कायद्याने सहावी ते आठवीला ३५ मुलांमागे एक शिक्षक सांगितला आहे. माझ्या वर्गात ६० मुले बसतात. पुढे लिहिले आहे ते तेवढ्या गर्दीतही जमते.

पहिली पायरी मूल ओळखण्याची. पहिल्या पाचांची यादी बाजूला ठेवा. ज्याची वही अर्धवट असते, पण फळ्यावरचे उत्तर जो तुमच्याआधी पुटपुटतो, जो ‘असंच का?’ विचारून तास अडवतो, त्याच्याकडे पाहा. घरी हिंदी किंवा गोंडी बोलणारे मूल शाब्दिक उदाहरणात भाषेमुळे अडते. त्याला तेच उदाहरण एकदा तोंडी सांगून पाहा.

दुसरी पायरी सराव माफ करण्याची. प्रकरण सुरू करण्यापूर्वी त्यातली सर्वांत अवघड पाच उदाहरणे सगळ्या वर्गाला सोडवायला द्या. ज्याची चार रीतीसह बरोबर येतील, त्याला त्या प्रकरणाचा सरावसंच माफ. शिक्षण-मानसशास्त्रज्ञ जोसेफ रेन्झुली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत मांडलेल्या पद्धतीचे हे माझ्या वर्गापुरते रूप आहे. पाच उदाहरणांचा तो कागद वहीत चिकटवा आणि खाली ‘सराव माफ’ लिहून तारखेसह सही करा, म्हणजे वही तपासणीत आणि पालकसभेत कोऱ्या पानांचा खुलासा करत बसावे लागत नाही.

तिसरी पायरी मोकळ्या झालेल्या वेळात काय द्यायचे ही, आणि सगळे अडते ते इथेच. शिष्यवृत्तीच्या सरावप्रश्नांचा गठ्ठा देऊ नका, कारण तो वेगाचा सराव आहे आणि या मुलाला वेग आधीच आहे. त्याला एकच प्रश्न द्या, सुरुवात करायला सोपा आणि तळ गाठायला अवघड. देवळालीच्या शाळेत शिकवणाऱ्या द. रा. कापरेकरांनी १९४९ साली असाच एक प्रश्न आपल्या हाती ठेवला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या, तिचे अंक उतरत्या क्रमाने मांडा आणि त्यातून चढत्या क्रमाची मांडणी वजा करा. ३५२४ घेतली तर ५४३२ − २३४५ = ३०८७, मग ८७३० − ०३७८ = ८३५२, मग ८५३२ − २३५८ = ६१७४; पुढे कितीही केले तरी ६१७४ च. मुलांना मात्र मी आधी तीन अंकी संख्या देतो. ८३१ पासून ६९३, ५९४, ४९५ येतात आणि गाडी ४९५ वर थांबते. मग विचारतो की प्रत्येक उत्तरात मधला अंक ९ च का येतो. (२११ घेतल्यास उत्तर ०९९ येते, पुढचे शून्य गाळू देऊ नका, नाहीतर ९९ वरून थेट शून्य येते आणि प्रश्नच मरतो.)

हा प्रश्न मी पहिल्यांदा सातवीतल्या एका मुलाला दिला, तेव्हा वजाबाक्या त्याने चार मिनिटांत उरकल्या आणि ‘का’पाशी येऊन थांबला. तो लिहीत होता आणि खोडत होता, शेवटी कागद फाटला. मी पाठीवर थाप मारून म्हणालो, “अरे, तू तर हुशार आहेस, तुला येईलच.” दुसऱ्या दिवशी तो शाळेत आला नाही आणि त्यानंतर महिनाभर त्याने माझ्याकडे काहीच मागितले नाही. सात वर्षे ज्याचे एकही उत्तर चुकले नव्हते, त्याला अडणे म्हणजे काय हेच ठाऊक नव्हते, आणि माझ्या त्या वाक्याने अडणाऱ्याला हुशार म्हणत नाहीत, एवढेच त्याला कळले.

तेव्हापासून माझे नियम पक्के आहेत. या कामासाठी वेगळी वही, लिहायचे पेनाने, खोडायचे नाही. अशी दोन मुले सापडली तर त्यांना एकत्र बसवायचे. मी दर तासाला दोन मिनिटे शेजारी बसून फक्त ‘कुठवर आलं?’ एवढे विचारतो. मूल रडकुंडीला आले तरी उत्तर सांगत नाही, प्रश्न लहान करून देतो. सहावीतली एक मुलगी “सर, मला नाही जमून राहिलं” म्हणत वही पुढे करून उभी राहिली, तेव्हा मी एवढेच म्हणालो की, मोठा आणि लहान अंक यांत एकचाच फरक असलेल्या संख्या आधी घे, मग दोनच्या. तिने एकाखाली एक ०९९, १९८, २९७ असे लिहिले, बराच वेळ त्या ओळींकडे पाहिले आणि म्हणाली की मधला अंक दोन्हीकडे तोच असतो म्हणून कटतो, उरतो तो टोकाच्या अंकांतला फरक, शंभरपट घेऊन एकपट वजा केलेला, म्हणजे नव्व्याण्णवपट. याला तिला नऊ दिवस लागले. मधल्या आठ दिवसांत उत्तर सांगून टाकण्याचा मोह मला रोज झाला.

या वहीला गुण देऊ नका आणि ती वर्गापुढे वाचूनही दाखवू नका. रमण विज्ञान केंद्राची सहल काढाल तेव्हा या मुलांना एखाद्या प्रयोगापाशी हवे तेवढे थांबू द्या. वर्ष संपताना ती वही पुढच्या शिक्षकांच्या हातात स्वतः नेऊन द्या. उन्हाळ्यानंतर, जूनअखेर आपल्याकडे शाळा उघडते तोवर तोंडी सांगितलेले कुणाच्याच लक्षात राहत नाही.