तापलेल्या गाडीच्या इंजिनाचे नुकसान कसे तपासावे

एप्रिल-मे महिन्यांत कसारा किंवा खंबाटकीचा घाट चढताना तापमानाचा काटा लाल पट्ट्यात गेला, तर गाडी कडेला घेऊन इंजिन तत्काळ बंद करावे, कारण तापलेली गाडी आणखी थोडी रेटल्याने नुकसान कितीतरी वाढते. बहुतेक आधुनिक मोटारींचे सिलिंडर हेड, म्हणजे इंजिनाच्या ब्लॉकवर बसणारा वरचा भाग, अ‍ॅल्युमिनियमचे असते. अतिउष्णतेने ते वाकले, की हेड आणि ब्लॉक यांमधील गॅस्केट (फट बंद ठेवणारे पातळ पॅकिंग) निकामी होते आणि कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्रव), ऑइल व सिलिंडरमधील वायू यांना एकमेकांत शिरण्यास वाट मिळते. ही वाट शोधणे हाच तपासणीचा गाभा आहे.

इंजिन निदान तासभर निवू द्यावे. गरम रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण आतील कूलंट दाबाखाली शंभर अंशांच्याही वर गेलेले असते आणि उसळून गंभीर भाजू शकते. तापलेल्या इंजिनावर गार पाणी ओतणेही टाळावे. त्याने धातूला तडा जाऊ शकतो.

इंजिन निवल्यावर कूलंटची पातळी, होज (रबरी नळ्या) आणि वॉटर पंपाखालील ओल पाहावी. बाहेर गळती दिसली आणि इंजिन वेळेत बंद केले असेल, तर दुरुस्ती तेवढ्यावरच भागण्याची शक्यता बरीच असते. कूलंट कमी आहे, पण गळती कोठेच नाही, ही स्थिती अधिक चिंतेची. अशा वेळी स्टार्टर मुळीच मारू नये. सिलिंडरमध्ये कूलंट साचलेले असल्यास कनेक्टिंग रॉड (पिस्टनला जोडलेला दांडा) वाकू शकतो, म्हणून आधी मेकॅनिककडून स्पार्क प्लग काढून पाहावेत.

त्यानंतर डिपस्टिक, म्हणजे ऑइलची पातळी पाहण्याची पट्टी, काढावी. ऑइल दुधाळ कॉफीसारखे दिसत असेल, तर त्यात कूलंट मिसळले आहे असे समजून गाडी टो करून न्यावी. मात्र पावसाळ्यात रोज जवळच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीच्या ऑइल कॅपखाली बाष्पामुळेही पांढरट साय धरते. डिपस्टिकवरील ऑइल स्वच्छ असेल, तर केवळ त्या सायीवरून कोणालाही हेड उतरवू देऊ नये.

ऑइल स्वच्छ आणि सिलिंडर कोरडे असतील, तर कूलंट भरून, थंड इंजिनाच्या रेडिएटरचे झाकण उघडे ठेवून गाडी थोडा वेळ चालू करावी. सुरुवातीचे काही बुडबुडे अडकलेल्या हवेचे असतात. ते थांबतच नसतील, किंवा सायलेन्सरमधून गोडसर वासाचा दाट पांढरा धूर येत राहिला, तर गॅस्केटवर संशय घ्यावा.

खात्रीसाठी गॅरेजमध्ये कॉम्प्रेशन चाचणी करावी, म्हणजे प्रत्येक सिलिंडर किती दाब धरतो ते मोजावे. शेजारच्या दोन सिलिंडरांचे आकडे एकदम कमी आले, तर त्यांच्यामधील गॅस्केट गेल्याचा तो ठळक संकेत असतो. एकाच सिलिंडरचा आकडा कमी असल्यास त्यात चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पिस्टनच्या रिंग झिजलेल्या असतात. कूलंटमध्ये सिलिंडरमधील वायू येतो का, हे पाहण्यासाठी निळे रसायनही मिळते; पेट्रोल इंजिनात वायू असल्यास ते पिवळे पडते.

हेड उतरवलेच, तर सरळ पट्टी आणि फीलर गेजने (फट मोजण्याच्या पातळ पात्यांनी) त्याचा वाक आपल्यासमोर मोजून घ्यावा, आणि कंपनीच्या मर्यादेपेक्षा तो जास्त असेल तरच फेसिंग (पृष्ठभाग घासून सपाट करणे) करावे. हेड पुन्हा बसवण्यापूर्वी रेडिएटरचा पंखा, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप) आणि वॉटर पंप तपासावेत, अन्यथा मूळ दोष तसाच राहून नवे गॅस्केटही जळते.