सोलापुरात वेलोमोबाईलने रोज कामाला जाताय? या चुका टाळा

पुढच्या टायरवर तळहात आडवा फिरवून बघा. आधी बाहेरून आत, मग आतून बाहेर. एका दिशेने गुळगुळीत लागलं आणि उलट दिशेने खवल्यांसारखं टोचलं, तर नवीन टायर घ्यायला दुकानात जाऊ नका. टायर चांगला आहे, चाकं तिरकी आहेत.

वेलोमोबाईल म्हणजे पुढे दोन आणि मागे एक चाक असलेली, मागे रेलून, पाय पुढे टाकून चालवायची सायकल, आणि त्यावर फायबरचं किंवा कार्बनचं कवच. या कवचामुळे गाडी वारा कापते, पण बिघाडही त्याच कवचाखाली झाकले जातात. साध्या सायकलचं चाक डुलायला लागलं की चालवताना दिसतं. इथे टायरचे धागे बाहेर येईपर्यंत काही कळत नाही.

चाकांची जुळणी न मोजता टायर बदलत बसणं

जुळे सोलापूरहून अक्कलकोट रोड एमआयडीसीला जाणाऱ्या एका गाडीचे पुढचे टायर तीन आठवड्यांत संपले. मालकाने नवे टाकले, तेही गेले. मग जाड टायर आले. मग हवा वाढवली, तशी गाडी दगडावर आपटल्यासारखी चालायला लागली. दोष रस्त्याला दिला, टायरला दिला, स्वतःच्या वजनालाही दिला. शेवटी गाडी उलटी करून पाहिलं तर एक टाय रॉड, म्हणजे पुढची चाकं हँडलबरोबर वळवणारी दांडी, वाकलेला निघाला. स्पीडब्रेकरवर जोरात आपटल्याचा तो परिणाम होता. मोजल्यावर दोन चाकांमधल्या पुढच्या आणि मागच्या अंतरात, १ मीटर लांबीत, १४ मिलिमीटरचा फरक आला. म्हणजे दर किलोमीटरला दोन्ही टायर मिळून १४ मीटर आडवे घासत होते, प्रत्येकी ७ मीटर. असं घासल्यावर कुठलाही टायर टिकत नाही, आणि ती सगळी ताकद मांड्यांतून जाते ती वेगळीच.

मोजायला दोन सरळ ॲल्युमिनियमच्या चौकोनी नळ्या लागतात, प्रत्येकी १ मीटर लांब. सपाट फरशीवर गाडी उभी करा, हँडल सरळ धरा आणि चालवणारा माणूस आत बसवा. ही पायरी बहुतेक जण गाळतात. वजन पडल्यावर सस्पेन्शन दबतं आणि चाकांचा कोन बदलतो, त्यामुळे रिकाम्या गाडीचं माप काही कामाचं नाही. दोन्ही चाकांच्या बाहेरच्या अंगाला, जमिनीपासून चार बोटं वर, नळी टायरला टेकवून रबराने बांधा. चाकाच्या पुढे अर्धा मीटर आणि मागे अर्धा मीटर यायला हवी. गाडीच्या पोटाखालून टेप घालून नळ्यांच्या पुढच्या टोकांमधलं अंतर घ्या, मग मागच्या टोकांमधलं. पुढचं अंतर १ ते २ मिलिमीटरने कमी हवं. आता गाडी चाकाच्या अर्ध्या फेऱ्याएवढी पुढे ढकला आणि परत मोजा. आकडा बदलला तर रिममध्ये आऊट आहे, म्हणजे ती डुलते, आधी तो काढून घ्या.

टाय रॉडचे चेकनट (रॉड फिरू न देणारे नट) सैल करून दोन्ही बाजू सारख्याच फिरवा. एकच बाजू फिरवली तर माप बरोबर येतं, पण हँडल वाकडं राहतं. वाकलेला रॉड ठोकून सरळ करू नका, बदला. जुळणी झाली की चेकनट आणि रॉडवर मिळून नेलपॉलिशची एक रेघ ओढावी. रेघ तुटलेली दिसली की नट फिरला हे लगेच कळतं. आणि प्रत्येक जोराच्या आपटण्यानंतर परत मोजावं. दहा मिनिटांचं काम आहे. ज्यांना दहा मिनिटं जड वाटतात, ते दर महिन्याला टायर घेतात.

स्पीडब्रेकरबद्दल एवढंच: गाडीचं पोट जमिनीपासून वीतभरही वर नसतं. चालण्याच्या वेगाने आणि थोडं तिरकं चढवा.

उन्हाळ्यातही टप लावून निघणं

सोलापुरात मार्चअखेरपासून पारा चाळिशीकडे सरकतो आणि मेमध्ये ती ओलांडतो. युरोपातले व्हिडिओ बघून गाडी बांधणारे टप, काच आणि फोमचं झाकण सगळं एकदम लावून निघतात. तिकडे ही गाडी थंडी-पावसासाठी बंद केली जाते, हे त्यांच्या लक्षात येत नाही. माणसाचं शरीर खाल्लेल्या ऊर्जेतला जेमतेम चौथा-पाचवा हिस्सा पायडलपर्यंत पोचवतं. पायडलवर १०० वॅट पडत असतील तर ३०० ते ४०० वॅट उष्णता अंगातून बाहेर येते. एवढा हीटर बंद पेटीत घेऊन तुम्ही बसलेले असता.

चालत्या गाडीत वाऱ्याने घाम सुकतो, म्हणून त्रास जाणवत नाही. त्रास थांबल्यावर होतो. सात रस्ता चौकात गर्दीत अडकलात की हवा थांबते, घाम सुकत नाही आणि दोन मिनिटांत डोकं जड होतं. चक्कर, मळमळ किंवा अंगावर काटा आला की गाडी सावलीत घेऊन बाहेर पडा, डोक्यावर-मानेवर पाणी ओता. ‘पाचच मिनिटांवर ऑफिस आहे’ म्हणून रेटू नका.

मार्च ते जूनच्या मध्यापर्यंत टप घरी ठेवावा, डोकं बाहेर असू द्यावं आणि टोपीच्या मागे मान झाकेल असा पांढरा कपडा असावा. हवा आत येण्याचं छिद्र पायांच्या पुढे गाडीच्या नाकावर ठेवलंत तर बाहेर पडण्याचं पाठीमागे हवंच, कारण वाट नसेल तर हवा आत येत नाही. कवच पांढरं रंगवा. काळा कार्बन दिसायला देखणा असतो, पण मेमध्ये दुपारी त्याला हात लावून बघा. कडक सीटवर आपला सोलापुरी टर्किश टॉवेल घाला, जायला एक आणि यायला एक. फोमच्या गादीपेक्षा तो घाम जास्त चांगला पितो आणि रात्रीत वाळतो. पाणी तासाला पाऊण ते एक लिटर धरा, आणि तहान लागायची वाट न बघता घोटघोट घेत राहा. सकाळी नऊच्या आत पोचा. दुपारी गाडी उन्हात उभी राहिली असेल तर निघण्याआधी पाच मिनिटं उघडी ठेवा.

जड गिअरमध्ये पाय रेटणं

झोपून चालवायची गाडी म्हणजे आरामाची, असा समज आहे. १९३३ मध्ये फ्रान्सिस फॉर हा दुय्यम दर्जाचा मानला जाणारा फ्रेंच सायकलपटू शार्ल मोशेच्या अशाच, पण बिनकवचाच्या, सायकलवर एका तासात ४५.०५५ किलोमीटर गेला होता. बैठकीत ताकद आहे, आणि धोकाही त्यातच आहे. साध्या सायकलवर जोर लावला की आपण सीटवरून उचलले जातो, तिथे जोराला मर्यादा पडते. इथे पाठीमागे सीट भिंतीसारखी असते, त्यामुळे हवा तेवढा जोर लावता येतो आणि तो सगळा गुडघ्यावर येतो. हलका गिअर ठेवा, पाय मिनिटाला ८० ते ९० फेरे फिरू द्या. थांबण्याआधीच गिअर खाली आणा.

पायडलचं अंतर रोजचे बूट घालूनच ठरवा. टाच पायडलवर ठेवली की लांबच्या टोकाला पाय पूर्ण सरळ व्हावा, मग चवड्याने चालवताना गुडघ्यात हलका बाक राहतो. गुडघा पुढून दुखला तर पायडल फार जवळ आहे, मागून दुखला तर फार लांब. एका वेळी ५ मिलिमीटरच हलवा आणि आठवडाभर चालवा. पहिल्याच सोमवारी थेट कामावर निघणारे बुधवारी गाडी झाकून ठेवतात. पायांचे स्नायू या बैठकीला सरावायला तीन-चार आठवडे लागतात. तोपर्यंत रविवारच्या सकाळी रिकाम्या रस्त्यावर चालवा.

बाभळीचा काटा

वेडी बाभूळ आपल्याकडे प्रत्येक रस्त्याच्या कडेला आहे, आणि ही गाडी एकाऐवजी तीन रेषा कापत जाते. कडेची माती टाळा, आतून संरक्षक पट्टी असलेले टायर घ्या. पुढचं चाक एकाच बाजूने धरलेलं असतं, त्यामुळे ट्यूब काढायला चाक उतरवावं लागत नाही. नवी ट्यूब घालण्याआधी टायरच्या आतून कापसाचा बोळा फिरवा. मोडलेलं टोक बोटाला लागत नाही, कापसाला अडकतं. हे न करता ट्यूब घातली की शंभर मीटरवर तोच काटा दुसरं पंक्चर करतो. आणि दुकानात नुसतं ‘वीस इंची’ मागू नका. ४०६ आणि ४५१ हे दोन्ही वीस इंचीच म्हणून विकले जातात, पण एकाचा टायर दुसऱ्याच्या रिमवर बसत नाही. टायरच्या कडेवर छापलेला आकडा वाचून घ्या.

बाकीचं थोडक्यात

चेन साध्या सायकलीच्या अडीच-तीनपट लांब असते. तेल ओतलं की काळ्या मातीची धूळ चेन ज्यातून जाते त्या नळ्यांत जाऊन पेस्ट होते. कड्यांवर थेंब थेंब सोडा आणि बाहेरून कोरडी पुसा.

ब्रेक वळणाच्या आधी लावा, वळणात नाही, आणि अंग आतल्या बाजूला झुकवा. गाडी ब्रेक लावताना एका बाजूला ओढत असेल तर पुढच्या दोन्ही ड्रम ब्रेकच्या वायरचा ताण सारखा करा.

झेंडा नसेल तर रस्त्यावर उतरू नका. गाडीची उंची कमरेएवढी, त्यामुळे ट्रकवाल्याला ती केबिनमधून दिसतच नाही. दीड-दोन मीटर उंच काठीवर केशरी झेंडा आणि दिवसाही चालू दिवे हवेत. गळीत हंगामात होटगी रोड, विजापूर रोडवर उसाच्या जोडट्रॉल्या असतात. त्यांच्या डाव्या अंगाला कधीही शिरू नका. वळताना मागची ट्रॉली आत ओढली जाते आणि चालकाला तुम्ही तिथे आहात हे माहीतच नसतं. मागे थांबा, पाच मिनिटं जाऊ द्या.

पावसाळ्याआधी कवचाच्या सर्वांत खालच्या जागी ६ मिलिमीटरचं एक भोक पाडा. नाहीतर आत आलेलं पाणी तिथेच साचतं आणि चेन रात्रभर त्यात भिजते.