'एलओएस' ऐकलं की लगेच शिडी लावू नका: या चुका टाळा

रावेर-यावल पट्ट्यात गावात फायबर आणि मळ्यातल्या वस्तीला रेडिओ लिंक (टॉवरवरून बिनतारी नेट), अशी दोन्ही कामं एकाच माणसाकडे असली की 'एलओएस' हा शब्द हमखास घोळ घालतो. फायबरच्या डब्यावर (घरातल्या मोडेमवर) एलओएसचा लाल दिवा म्हणजे 'लॉस ऑफ सिग्नल', उजेड पोचतच नाही. रेडिओच्या सर्व्हेत एलओएस म्हणजे 'लाइन ऑफ साइट', समोरचा टॉवर मोकळा दिसतो. एकीकडे एलओएस आला की नेट बंद, दुसरीकडे एलओएस असला तरच नेट चालू. म्हणून तक्रारवहीत नुसतं 'एलओएस' लिहू नका. 'डब्यावर लाल दिवा' किंवा 'लिंकला आडोसा' असं लिहा.

लाल दिवा लागला की लोक पिन घेऊन रिसेट दाबतात. ही सगळ्यात महागात पडणारी चूक. तुटलेली तार रिसेटने जुळत नाही, उलट डब्यातलं युजरनेम-पासवर्ड उडतं आणि तार जोडल्यावरही नेट येत नाही. आधी शेजारी विचारा. त्यांच्याकडेही लाल असेल तर दोष बाहेर आहे, घरातलं काही उचकू नका. तुमच्याकडेच असेल तर पिवळी पॅचकॉर्ड (डब्याला जोडणारी फायबरची बारीक तार) कपाटामागे दबली आहे का, उंदराने कुरतडली आहे का ते पाहा. वळण तीन सेंटिमीटर त्रिज्येपेक्षा आवळू नका. हिरवा कनेक्टर काढून पुसा आणि 'टक' वाजेपर्यंत बसवा. हिरव्याचं टोक ८ अंश तिरकं असतं. ते निळ्या सॉकेटमध्ये बसतं, पण नीट टेकत नाही आणि सिग्नल गळतो. टोकात डोळा घालून बघू नका, हा उजेड दिसत नाही पण इजा करतो.

तारेतला उजेड मोजायला पॉवर मीटर १४९० नॅनोमीटरवर लावा. जीपॉनच्या (घरोघरी फायबर नेट देण्याच्या पद्धतीच्या) बी-प्लस वर्गातल्या डब्याला −८ ते −२७ डीबीएम (उजेडाच्या ताकदीचं माप) चालतं. −२० दिसतंय आणि तरी दिवा लाल, तर डबा बदला.

रेडिओला टॉवर नुसता डोळ्याला दिसून भागत नाही. ५ किलोमीटरच्या, ५.८ गिगाहर्ट्झच्या लिंकला मध्यावर रेषेभोवती सुमारे ८ मीटर त्रिज्येचा पट्टा लागतो. त्यातला ६० टक्के, म्हणजे ५ मीटर तरी, मोकळा हवा. दहा मीटरवर अँटेना असेल तर केळीची बाग आड येत नाही, बांधावरचा कडुनिंब येतो. पानगळीतला सर्व्हे पावसाळ्यात फसतो, कारण ओली पानं सिग्नल शोषतात. अँटेनाचा पाइप वर न्यायचा तर तिन्ही बाजूंनी तारेचे ताण द्या, नाहीतर वैशाखातल्या वावटळीत अँटेना फिरतो.