सल काढताना काप कुठे घ्यावा: फांदीमर आणि खोडावरच्या कॅन्करसाठी पावसाळ्यानंतरचा सल्ला

पाऊस उघडला, सालीवरची ओल गेली आणि पुढचे चार-पाच दिवस कोरडे जातील असे दिसले, की आंबा, लिंबूवर्गीय फळझाडे, पेरू, काजू, द्राक्ष अशा बागांत सल, म्हणजे वाळलेल्या व रोगट फांद्या, काढायला घ्या. सरी चालू असताना ही घाई नको. वाळलेल्या सालीवर फांदीमर करणाऱ्या बुरशीच्या काळ्या पुटकुळ्या असतात, त्या भिजल्या की बीजाणू बाहेर येतात आणि पावसाच्या थेंबांबरोबर उडून ताज्या कापावर पडतात.

फांदीमरीमागे बहुतेक वेळा लॅसिओडिप्लोडिया थिओब्रोमी ही बुरशी किंवा तिच्याच बोट्रिओस्फेरिया कुळातली एखादी बुरशी असते. सुमारे ५०० प्रकारच्या वनस्पतींवर लॅसिओडिप्लोडियाची नोंद आहे. आंब्याचे फळ पिकताना देठाकडून काळे पडते, त्यातही हिचा हात असतो. ती शिरते जखमेतून: छाटणीचा काप, गारांचा मार, वाऱ्याने फाटलेली फांदी, खोडकिड्याचे भोक, उन्हाने तडकलेली साल. शिरल्यावर कित्येक महिने ती लाकडात काही लक्षण न दाखवता राहते. झाडाला पाण्याचा ताण बसला, मुळाशी पाणी साचले किंवा झाडाच्या कुवतीपेक्षा जास्त फळ धरले, की ती झपाट्याने पसरते. त्यामुळे फांदी आज वाळली तरी लागण मागच्या हंगामातली असू शकते. एकदा लाकूड तपकिरी झाले की वरून मारलेले बुरशीनाशक तिथवर पोहोचत नाही. या रोगात खरा उपाय कात्री आणि करवत हाच आहे. फवारणीचे काम फक्त नव्या जखमा राखण्याचे.

आधी रोग नक्की करा. वाळत असलेल्या फांदीची साल चाकूने खरवडत खाली या. निरोगी भागात सालीखाली ओला हिरवा थर आणि पांढरट लाकूड दिसते, रोगट भागात तपकिरी. फांदी आडवी कापली तर गाभ्याकडे टोक असलेला गडद पाचरीसारखा डाग दिसतो. द्राक्षाच्या ओलांड्यात, म्हणजे वेलीच्या आडव्या मुख्य फांदीत, तो फार स्पष्ट असतो. शंका राहिली तर वाळका आणि हिरवा भाग जिथे मिळतात तिथला तुकडा ओल्या कागदासह प्लास्टिकच्या पिशवीत ठेवा. काही दिवसांत करडी-काळी बुरशी किंवा बारीक काळे दाणे आले, तर संशय पक्का धरा.

भोकातून भुसा येत असेल तर आत किडा आहे. तारेने अळी काढल्याशिवाय वर पेस्ट लावून उपयोग नाही. डिंक जमिनीलगत आणि कलमाच्या जोडाजवळ येत असेल तर तो बहुधा फायटोफ्थोरा या जमिनीतल्या रोगजंतूचा डिंक्या रोग, त्याचा उपाय वेगळा: आळे खोडापासून दूर घ्या आणि निचरा सुधारा. फांद्यांच्या बेचक्यात गुलाबी थर असेल तर तो गुलाबी रोग.

सगळ्यात जास्त चूक काप घेण्यात होते. वाळले तेवढेच कापले तर बुरशी झाडातच राहते, आणि त्याच फांदीची मर पुन्हा खाली सरकते. शेवटच्या तपकिरी खुणेपासून किमान १० सेंमी खाली, निरोगी लाकडात काप घ्या आणि कापलेले तोंड बघा. एक जरी तपकिरी ठिपका दिसला तर आणखी खाली जा. खुंट ठेवू नका, तो वाळतो आणि त्यातून रोग पुन्हा शिरतो. खोडाला अगदी लागूनही कापू नका. फांदीच्या बुडाशी जो फुगीर कंगोरा असतो तो राखला तर जखम लवकर भरते. काप तिरका घ्या, पाणी थांबता कामा नये. कॅन्कर, म्हणजे साल मेलेला रोगट चट्टा, मुख्य खोडावर असेल आणि खोड कापता येत नसेल, तर मेलेली साल आणि तपकिरी लाकूड धारदार चाकूने निरोगी कडेपर्यंत खरवडून काढा. जखमेला वर आणि खाली टोक ठेवा, म्हणजे पाणी निथळते.

प्रत्येक झाडानंतर कात्री व करवत पुसून ७० टक्के अल्कोहोलमध्ये बुडवा. एका झाडाच्या फांद्या एकाच वेळी तिसऱ्या भागापेक्षा जास्त काढू नका. विस्तार एकदम उघडा पडला की दुपारच्या उन्हाने साल भाजते आणि नवीन जखम तयार होते. कापलेल्या फांद्या बांधावर रचून ठेवू नका, कारण पुढच्या पावसात बीजाणू तिथूनच येतील. त्या त्याच दिवशी बागेबाहेर न्या आणि नष्ट करा.

कापाला त्याच दिवशी १० टक्के बोर्डो पेस्ट लावा. १ किलो मोरचूद (कॉपर सल्फेट) प्लास्टिकच्या बादलीत ५ लिटर पाण्यात विरघळवा, धातूचे भांडे नको. दुसऱ्या बादलीत १ किलो कळीचा चुना थोडे थोडे पाणी घालत विरवा, ५ लिटर करा, पूर्ण गार होऊ द्या आणि गाळून घ्या. मग मोरचुदाचे द्रावण ढवळत ढवळत चुन्यात ओता. स्वच्छ लोखंडी विळा मिनिटभर बुडवून पाहा. तांबूस थर चढला तर तांबे मोकळे राहिले आहे आणि सालीला इजा होईल, म्हणून चुन्याची निवळी वाढवा. हवेत फुललेला जुना चुना कमी पडतो, हे त्याचे नेहमीचे कारण. केलेली पेस्ट त्याच दिवशी संपवा. मोठ्या कापांवर आणि खोडाच्या खालच्या ६० ते ९० सेंमी भागावर ब्रशने लावा.

छाटणी आटोपल्यावर झाडावर १ टक्का बोर्डो मिश्रण किंवा कॉपर ऑक्सिक्लोराइड ३ ग्रॅम प्रति लिटर फवारता येते, पण आपल्या पिकाच्या लेबलवर शिफारस असेल तरच. कोवळी पालवी असताना बोर्डो टाळा, ती करपते.

तीन-चार आठवड्यांनी प्रत्येक काप पुन्हा पाहा. कडेने नवीन सालीची वळी येत असेल तर काप योग्य जागी बसला. काळसर होत असेल तर पुन्हा खाली घ्या. दरम्यान पाणी एकदम तोडू नका, एकदम भरूही नका, जमीन वाफशावर, म्हणजे ओलसर पण चिखल न होणारी, ठेवा. आणि कलमासाठी काडी काढायची असेल तर फांदीमर झालेल्या झाडाची एकही काडी घेऊ नका, ती वरून हिरवीगार दिसत असली तरी बुरशी आत असू शकते.