निवेदनापासून ठरावापर्यंत : ठाणे आणि नवी मुंबईतील तरुणांसाठी

आपल्या परिसरातील पदपथ, बस, तलाव किंवा मैदान यांविषयीचे निर्णय कोणत्या कार्यालयात आणि वर्षाच्या कोणत्या महिन्यात होतात हे ठाऊक नसल्यामुळे अनेक तरुणांची मेहनत निर्णय होऊन गेल्यावर खर्ची पडते. झाडे तोडल्यावर मोर्चा निघतो आणि मैदानावर पत्रे लागल्यावर सह्यांची मोहीम सुरू होते, मात्र त्या दोन्ही बाबींवर हरकत घेण्याची मुदत वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरील जाहीर सूचनेत कधीच येऊन गेलेली असते. म्हणून सार्वजनिक प्रश्नात उतरू पाहणाऱ्याने घोषणा तयार करण्यापूर्वी तीन गोष्टी शिकाव्यात : प्रश्न कोणाच्या अखत्यारीत येतो, त्याचा निर्णय कधी होतो आणि आपले म्हणणे दप्तरी कसे लागते.

प्रश्न कोणाचा आहे?

आपल्याकडे हाच भाग सर्वांत किचकट आहे. नवी मुंबईत सिडकोने १९७० पासून शहर वसवले, महानगरपालिकेचा कारभार १९९२ मध्ये सुरू झाला आणि त्यानंतर एकेक सुविधा टप्प्याटप्प्याने हस्तांतरित होत गेल्या. त्यामुळे एखादा मोकळा भूखंड आजही सिडकोचा आणि त्याच्या पुढचा रस्ता महापालिकेचा असू शकतो. ऐरोलीपासून नेरुळपर्यंतच्या टीटीसी (ट्रान्स-ठाणे क्रीक) या औद्योगिक पट्ट्यात एमआयडीसी येते, शीव-पनवेल महामार्गावर सार्वजनिक बांधकाम विभाग येतो, खाडीकाठच्या खारफुटीसाठी वन विभागाचा कांदळवन कक्ष आहे, तर ट्रान्स-हार्बर मार्गावरील स्थानकांच्या इमारती सिडकोने उभारल्या असल्या तरी गाड्या मध्य रेल्वे चालवते. खारघर आणि कामोठे पत्त्यावर नवी मुंबई लिहितात, पण २०१६ पासून ते पनवेल महानगरपालिकेत आहेत. ठाण्यात घोडबंदर रस्त्याचे उदाहरण पुरेसे आहे. तिथल्या एका खड्ड्याबद्दल बोलायचे तरी महापालिका, सार्वजनिक बांधकाम विभाग आणि मेट्रोचे काम करणारे एमएमआरडीए (मुंबई महानगर प्रदेश विकास प्राधिकरण) यांपैकी नेमका कोणता दरवाजा ठोठवायचा, हे आधी ठरवावे लागते. येऊरच्या प्रश्नात तर राष्ट्रीय उद्यानाचे प्रशासनही येते.

ही माहिती मिळवण्याचा स्वस्त मार्ग म्हणजे प्रभाग समिती कार्यालयातील, आणि नवी मुंबईत विभाग कार्यालयातील, कनिष्ठ अभियंत्याला शांतपणे विचारणे. तो बहुधा खरे सांगतो, कारण आपला नसलेला प्रश्न गळ्यात पडू नये अशी त्याचीही इच्छा असते. तोंडी उत्तर पुरेसे वाटले नाही, तर माहितीचा अधिकार अधिनियम, २००५ खाली अर्ज करावा. या कायद्याच्या कलम ६(३) नुसार चुकीच्या कार्यालयात आलेला अर्ज योग्य प्राधिकरणाकडे पाच दिवसांच्या आत वर्ग करावा लागतो. ज्या पत्राने तो वर्ग होतो, त्या पत्रातच अखत्यारीचा लेखी खुलासा हाती येतो, आणि पुढच्या पत्रव्यवहारात तो फार उपयोगी पडतो.

आधी पाहणी, मग मागणी

समजा, घणसोलीत स्थानकाकडून महाविद्यालयाकडे जाणाऱ्या एका रस्त्याचा पदपथ चालण्याजोगा नाही आणि विद्यार्थी भर रस्त्यातून चालतात. यावर ‘पदपथ दुरुस्त करावा’ असे एका ओळीचे निवेदन दिले, तर ‘योग्य ती कार्यवाही करण्यात येईल’ असे तितकेच लांब उत्तर येते. त्याऐवजी तिघाचौघांनी आठवड्यातील तीन कामकाजाच्या दिवशी सकाळी ठराविक वेळेत उभे राहून नोंद करावी. पदपथावरून किती माणसे चालली, किती रस्त्यावर उतरली आणि नेमक्या कोणत्या ठिकाणी उतरली, हे कागदावर आले की प्रश्नाचा आकार दिसू लागतो. कुठे गटाराचे झाकण तुटलेले असते, कुठे विजेची पेटी पदपथाच्या मधोमध बसवलेली असते, कुठे दुचाक्या लावलेल्या असतात. प्रत्येक अडथळ्याचे छायाचित्र घ्यावे आणि त्यासोबत जवळच्या इमारतीचे नाव, भूखंड क्रमांक किंवा दिव्याच्या खांबाचा क्रमांक नोंदवावा. झाकण महापालिकेचे असते आणि पेटी वीज कंपनीची असू शकते, त्यामुळे पत्रेही दोन लागतील, हे या टप्प्यावरच कळते.

फेरीवाल्यांविषयी एक गोष्ट स्पष्टपणे सांगितली पाहिजे. पदपथाचा प्रश्न निघाला की ‘फेरीवाले हटवा’ ही मागणी सर्वांत आधी ओठांवर येते. पथविक्रेत्यांच्या उपजीविकेचे संरक्षण करणारा २०१४ चा केंद्रीय कायदा आहे आणि त्याखालील नगर पथविक्रेता समितीत किमान चाळीस टक्के सदस्य पथविक्रेत्यांमधून निवडलेले असावेत, अशी तरतूद आहे. विक्री क्षेत्र कुठे असावे हे या समितीसमोर मांडणे हा धोरणात्मक मार्ग झाला. केवळ कारवाईची मागणी केली, तर चार दिवस अतिक्रमणविरोधी गाडी फिरते आणि पाचव्या दिवशी सगळे पूर्ववत होते. पाहणीच्या वेळी विक्रेत्यांशीही बोलावे. माणसे कुठे थांबतात आणि बस प्रत्यक्षात कुठे उभी राहते, हे त्यांच्याइतके कोणालाच ठाऊक नसते.

निवेदन लिहिताना

निवेदन शक्यतो एका पानाचे असावे आणि त्यात एकच विषय असावा. विषयाच्या ओळीतच ठिकाण आणि काम आले पाहिजे, उदाहरणार्थ : ‘अमुक सेक्टरमधील अमुक चौक ते अमुक चौक या रस्त्याच्या पूर्वेकडील पदपथावरील तुटलेली झाकणे बदलणे व तेथे सलग पदपथ करणे याबाबत.’ त्याखाली पाहणीचा दिनांक आणि वेळ, आढळलेल्या बाबी, नेमकी मागणी आणि ‘केलेल्या कार्यवाहीची माहिती लेखी कळवावी’ अशी विनंती एवढे पुरते. छायाचित्रे व नोंदींचा तक्ता ‘सोबत’ म्हणून जोडावा. विशेषणे गाळावीत, कारण ‘अत्यंत निष्काळजी प्रशासन’ असे लिहिल्याने पत्राची धार वाढत नाही, वाचणाऱ्याचे सहकार्य मात्र कमी होते.

पत्र संबंधित उपायुक्त किंवा शहर अभियंता यांच्या नावे करून त्याची प्रत प्रभागाच्या सहायक आयुक्तांना द्यावी आणि आवक-जावक कक्षात आपल्या प्रतीवर दिनांक, शिक्का व आवक क्रमांक घेतल्याखेरीज कार्यालयातून बाहेर पडू नये. पोच नसलेले पत्र दिलेच नव्हते असे समजले जाते. साहेबांच्या हातात थेट पत्र देऊन छायाचित्र काढण्याची हौस असेल तर ती भागवावी, पण नंतर तेच पत्र आवकमध्ये नोंदवावे.

लोकशाही दिनाचा सल्ला अनेक ज्येष्ठ देतात. महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात आणि महापालिकेत तो होतो, परंतु तेथे वैयक्तिक स्वरूपाची तक्रारच स्वीकारली जाते व अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो. सार्वजनिक प्रश्नासाठी तो मार्ग धरून महिना वाया घालवू नये.

वेळापत्रक सांभाळणे

ज्यांना निवेदनाच्या पुढे जाऊन धोरणावर परिणाम करायचा आहे, त्यांनी महापालिकेचे वर्ष समजून घ्यावे. आयुक्त अंदाजपत्रक साधारणपणे फेब्रुवारीच्या सुमारास स्थायी समितीला सादर करतात. खात्यांच्या मागण्या त्याआधीच्या काही महिन्यांत गोळा होतात. म्हणून पदपथासाठी, अभ्यासिकेसाठी किंवा बसफेऱ्यांसाठी तरतूद हवी असेल, तर दिवाळीच्या आसपास आपले निवेदन त्या खात्याकडे पोहोचलेले असावे. टीएमटी किंवा एनएमएमटी या महापालिकांच्या बससेवांविषयी असेल, तर परिवहन व्यवस्थापकांबरोबरच परिवहन समितीच्या सभापतींनाही द्यावे. एकदा अंदाजपत्रक छापून आले, की त्याची प्रत उघडून आपले लेखाशीर्ष, म्हणजे त्या कामाच्या खर्चाची नोंद असलेली ओळ, शोधावे आणि मागील वर्षी तेथे किती रक्कम होती व प्रत्यक्ष खर्च किती झाला, हे दोन आकडे शेजारी लिहावेत. तरतूद दिसते आणि खर्च दिसत नाही अशी ओळ सापडली, तर तुमच्या म्हणण्याला दुसऱ्या पुराव्याची फारशी गरज उरत नाही.

महासभेची, म्हणजे सर्व नगरसेवकांच्या सभेची, विषयपत्रिका आणि प्रस्तावांचे गोषवारे सभेपूर्वी मिळवून वाचावेत. सभा सर्वसाधारणपणे जनतेसाठी खुली असते. ठाण्यात पाचपाखाडीच्या मुख्यालयातील नरेंद्र बल्लाळ सभागृहात किंवा बेलापूरच्या मुख्यालयात प्रेक्षक कक्षात बसून एक सभा पाहिली, तरी कोणता सदस्य अभ्यास करून बोलतो हे उमजते. नवी मुंबईत २०२० पासून आणि ठाण्यात २०२२ पासून काही वर्षे प्रशासकांचा कारभार होता, आणि त्या काळात निर्णय सभागृहातील चर्चेविना झाले. लोकनियुक्त सभागृह असताना नगरसेवकाचा उपयोग करून घेतला नाही, तर तो दोष आपला. त्याला निवेदनाबरोबर तयार प्रश्न किंवा लक्षवेधीचा (सभागृहाचे लक्ष एखाद्या विषयाकडे वेधणाऱ्या सूचनेचा) मसुदा लिहून द्यावा. तयार कागद हातात आला, तर सभागृहात विषय निघण्याची शक्यता बरीच वाढते. एकाच पक्षाच्या नगरसेवकाकडे मात्र जाऊ नये, अन्यथा प्रश्न त्या पक्षाचा होतो आणि बाकीचे सदस्य हात झटकतात.

हरकती आणि सूचना

शहराचा पुढच्या वीस वर्षांचा नकाशा विकास आराखड्यात ठरतो. नवी मुंबई महापालिकेने आपला पहिला प्रारूप आराखडा २०२२ मध्ये, तर ठाणे महापालिकेने सुधारित प्रारूप आराखडा २०२४ मध्ये हरकती-सूचनांसाठी प्रसिद्ध केला. अशा आराखड्यांवर, त्यांतील नंतरच्या फेरबदलांवर आणि झाडे तोडण्याच्या प्रस्तावांवर मुदतीत आलेली लेखी हरकत प्रशासनाला विचारात घ्यावी लागते. आराखड्यातील फेरबदलाला महिन्याची मुदत असते, तर वृक्षतोडीच्या सूचनेवर हरकत घ्यायला सात दिवसच मिळतात. म्हणून गटातील एका व्यक्तीकडे रोज स्थानिक वर्तमानपत्रातील जाहीर सूचना आणि महापालिकेचे संकेतस्थळ पाहण्याचेच काम सोपवावे. कंटाळवाणे काम आहे, पण गटातील सर्वांत महत्त्वाचे पद हेच.

हरकत लिहिताना नकाशाच्या पत्रकाचा क्रमांक, सेक्टर व भूखंड क्रमांक किंवा सर्व्हे क्रमांक, सध्याचा वापर, प्रस्तावित आरक्षण आणि तुम्हाला हवा असलेला बदल या क्रमाने लिहावे. ‘मैदान वाचवा’ या मथळ्याखाली शेकडो जणांनी सारखाच छापील मजकूर दिला, तर कार्यालयात त्यांचा एक गठ्ठा होतो. दहा जणांनी आपापल्या उपयोगातून वेगवेगळे मुद्दे लिहिले, तर दहा मुद्द्यांना उत्तर द्यावे लागते. प्रारूप आराखड्यावरील हरकतदारांची सुनावणी नियोजन समितीसमोर होते. तेथे वेळ थोडा मिळतो, त्यामुळे लेखी म्हणण्याची आणखी एक प्रत न्यावी, नकाशावर बोट ठेवून दोनच मुद्दे सांगावेत आणि ते इतिवृत्तात घ्यावेत अशी विनंती करावी.

रस्त्यावरच्या लढ्याचे महत्त्व याने कमी होत नाही. नवी मुंबईतील प्रकल्पग्रस्तांना संपादित जमिनीच्या साडेबारा टक्के इतका विकसित भूखंड देणारी योजना १९८४ च्या जासईच्या आंदोलनामागून आली, आणि त्या लढ्यात पाच जणांनी प्राण दिले. पण त्या लढ्याचे नेते दि. बा. पाटील वकील होते आणि विधिमंडळातही बोलत होते, हे त्यांचे फलक लावणाऱ्या तरुणांनी ध्यानात ठेवावे. मोर्चा किंवा धरणे करायचे असेल, तर पोलीस ठाण्याला आधी लेखी कळवून परवानगी घ्यावी. शिक्षण व नोकरी पुढे असलेल्या वयात विनाकारण गुन्हा अंगावर घेण्यात शहाणपण नाही.

उत्तर आले नाही तर

महिनाभर वाट पाहून स्मरणपत्र द्यावे आणि त्यानंतर माहिती अधिकाराचा अर्ज करावा. महाराष्ट्राच्या नियमांनुसार अर्ज एकाच विषयाचा आणि दीडशे शब्दांच्या आत असावा लागतो, त्यासाठी दहा रुपयांचे शुल्क आहे आणि राज्याच्या संकेतस्थळावरून तो घरबसल्या करता येतो. ‘काम का झाले नाही?’ असे विचारू नये, कारण माहिती अधिकारी कारणे देण्यास बांधील नाही. ‘अमुक आवक क्रमांकाच्या पत्रावरील टिपणीची व शेऱ्यांची प्रत द्यावी’ असे मागावे. तीस दिवसांत माहिती मिळाली नाही, तर पुढील तीस दिवसांत वीस रुपये भरून प्रथम अपील करावे, आणि त्यानेही भागले नाही तर नव्वद दिवसांच्या आत राज्य माहिती आयोगाकडे दुसरे अपील करावे. आयोगाकडे तारीख मिळायला बराच काळ जातो, त्यामुळे खरी भिस्त प्रथम अपिलावर ठेवावी.

काम मंजूर झाल्याची बातमी आली, तरी गटाने फाईल मिटू नये. ठरावाची प्रत, कार्यादेश आणि काम झाल्यावर मोजमाप पुस्तकातील त्या कामाची पाने मागवून, टेप घेऊन पदपथाची लांबी-रुंदी प्रत्यक्ष मोजावी. महाविद्यालय संपल्यावर मुले पुणे-बंगळुरूला निघून जातात आणि सगळा पत्रव्यवहार कोणाच्या तरी ईमेलमध्ये अडकून पडतो. त्यासाठी पहिल्या दिवसापासून सर्व पोचा आणि उत्तरे तारीखवार एका जाड वहीत चिकटवाव्यात, तिची स्कॅन केलेली प्रत सर्वांकडे ठेवावी आणि दर जूनमध्ये ती वही अकरावीत किंवा प्रथम वर्षात नव्याने आलेल्या दोघांच्या नावे करावी.