सरसकट विधान करताना शब्द कसा निवडावा

दर वर्षी १९ डिसेंबर, म्हणजे गोवा मुक्तिदिन, जवळ आला की गोव्यातील शालेय निबंधांत आणि भाषणांत एक वाक्य हमखास येते: ‘संपूर्ण गोवा साडेचारशे वर्षे पोर्तुगीजांच्या ताब्यात होता.’ तिसवाडी तालुक्यापुरते हे खरे आहे, कारण तो १५१० मध्येच त्यांच्या हाती गेली. बार्देश आणि सासष्टी १५४३ मध्ये गेले. पेडणे, डिचोली, सत्तरी, फोंडा, सांगे, केपे आणि काणकोण हा नव्या काबिजादींचा, म्हणजे नंतर मिळवलेला, मुलूख मात्र अठराव्या शतकात, बहुतांशी त्याच्या उत्तरार्धात, त्यांच्याकडे आला. म्हणजे तेथे ती राजवट दोनशे वर्षांच्या आसपासच टिकली. वाक्यातील चूक वर्षांच्या आकड्यात नसून ‘संपूर्ण’ या शब्दात आहे. ‘गोव्याचा काही भाग साडेचारशे वर्षे, तर उरलेला बराचसा भाग सुमारे दोनशे वर्षे’ असे लिहिले की विधान खरे होते आणि सत्तरीतल्या वाचकालाही आपल्या गावाचा इतिहास त्यात सापडतो.

व्यापक विधाने करूच नयेत, असे माझे म्हणणे नाही. त्यांच्याविना अहवाल, बातमी किंवा निबंध यांपैकी काहीच लिहून होणार नाही. परंतु अशा प्रत्येक शब्दात अपवादांना किती वाव आहे हे जाणून घ्यावे आणि आपल्या हाती जेवढा आधार असेल, तेवढ्याच व्याप्तीचा शब्द वापरावा.

‘सर्व’, ‘सगळे’, ‘समस्त’, ‘यच्चयावत’, ‘झाडून सारे’ या शब्दांना एकही अपवाद चालत नाही. जे मोजता येते किंवा जे नियमानेच ठरलेले आहे, तेथे ते निर्धास्तपणे वापरावेत, जसे की ‘विधानसभेच्या सर्व ४० मतदारसंघांत मतदान झाले’. ‘तमाम’ भाषणात शोभतो, अहवालात नाही. ‘एकजात’ला बहुधा नापसंतीची छटा असते, म्हणून तो जपून वापरावा.

खरी गफलत होते ती ‘बहुसंख्य’ आणि ‘बहुतेक’ यांत. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोवा संघप्रदेश राहावा या बाजूने, म्हणजे ‘दोन पाने’ या चिन्हावर, १,७२,१९१ मते पडली, तर महाराष्ट्रातील विलीनीकरणाच्या बाजूने, म्हणजे ‘फूल’ या चिन्हावर, १,३८,१७०. अशा वेळी ‘बहुसंख्य मतदारांनी विलीनीकरण नाकारले’ हे विधान बिनचूक आहे, कारण ‘बहुसंख्य’ला निम्म्याहून अधिक एवढेच पुरते. ‘बहुतेक मतदारांनी’ म्हटले की विरोधी मत नगण्य होते असा समज होतो, आणि सुमारे ४४ टक्के मतांना नगण्य म्हणणे हा त्या मतदारांवर अन्याय आहे. नुसते ‘गोमंतकीयांनी विलीनीकरण नाकारले’ असे लिहिणे तर त्याहून वाईट, कारण त्यात दुसरी बाजू दिसतच नाही. माझ्या मते दहांपैकी आठ-नऊ जणांना लागू पडेल तेथेच ‘बहुतेक’ लिहावे. २०११ च्या जनगणनेत गोव्याची साक्षरता ८८.७ टक्के होती. तेथे तो शब्द चपखल बसतो. ‘बरेच’ आणि ‘अनेक’ हे संख्या मोठी आहे एवढेच सांगतात, एकूणात त्यांचे प्रमाण किती हे सांगत नाहीत.

‘बहुतेक’ची आणखी एक अडचण आहे. ‘बहुतेक कामगार उद्या संपावर जातील’ या वाक्याचा अर्थ ‘जवळजवळ सगळे कामगार जातील’ असाही होतो आणि ‘कामगार जाण्याची शक्यता आहे’ असाही. बोलताना आवाजाच्या हेलावरून उलगडा होतो, कागदावर होत नाही. संख्या सांगायची असेल तर ‘कामगारांपैकी बहुतेक जण’ आणि शक्यता सांगायची असेल तर ‘कामगार बहुधा’ असे लिहावे.

नकारार्थी वाक्यात यापेक्षाही अधिक काळजी घ्यावी लागते. ‘पंचायतीचे सगळे सदस्य ग्रामसभेला आले नाहीत’ असे इतिवृत्तात लिहिले, तर एकही आला नाही, की काही आले आणि काही राहिले? पुढे वाद उपस्थित झाला तर दोन्ही पक्ष हेच वाक्य पुढे करतील. म्हणून ‘एकही सदस्य आला नाही’ किंवा ‘काही सदस्य आले नाहीत’ असे स्पष्ट लिहावे आणि शक्य असल्यास आकडा द्यावा.

सरसकटपणा केवळ अशा शब्दांतूनच येतो असेही नाही. मराठीत तो क्रियापदातून नकळत शिरतो. ‘म्हापशाच्या बाजारात मिरची स्वस्त आहे’ हे आजचे निरीक्षण झाले, ‘स्वस्त असते’ म्हटले की तो नियम झाला. एका शुक्रवारच्या बाजारावरून ‘असते’ लिहू नये. एकवचनाचेही तसेच आहे. ‘गोवेकर सुशेगाद (निवांत, आरामात जगणारा) असतो’ या वाक्यात ‘सगळे’ कोठेच नाही, तरी ते प्रत्येक गोवेकराला लागू होते: पहाटे सायकलवरून पाव पोहोचवणाऱ्या पदेरालाही आणि माडावर चढणाऱ्या रेंदेरालाही. पर्यटनाच्या लिखाणात हे वाक्य इतके रुळले आहे की आपली मुलेही ते निबंधात उतरवतात, याचे मला मनापासून वाईट वाटते. असे वाक्य लिहिण्यापूर्वी कोण, कोठे आणि केव्हा हे तीन प्रश्न विचारावेत. उत्तर मिळाले तर तेच लिहावे, न मिळाले तर वाक्य गाळावे. शितावरून भाताची परीक्षा होते, कारण एका पातेल्यातला तांदूळ एकाच आचेवर शिजलेला असतो. बारा तालुक्यांतील माणसांविषयी असे गृहीत धरता येत नाही.

वारंवारता दाखवणाऱ्या शब्दांत ‘सहसा’ नकारार्थी वाक्यात अधिक खुलतो (‘तो सहसा रागावत नाही’). होकारार्थी वाक्यात ‘साधारणपणे’ किंवा ‘एरवी’ बरे. ‘साधारण’ आणि ‘साधारणपणे’ यांत मात्र गल्लत नको: ‘साधारण दोन तास’ म्हणजे अंदाजे दोन तास. ‘सर्रास’ हा गैर गोष्ट राजरोस चालते तेव्हाचा शब्द आहे, तर ‘सरसकट’ म्हणजे भेद न करता, म्हणून ‘सरसकट कर्जमाफी’ म्हणणे योग्य ठरते.

शेवटी एक वाक्य दुरुस्त करून पाहू. ‘गोव्यात पावसाळ्यात मासेमारी पूर्ण बंद असते.’ बंदीचा काळ १ जून ते ३१ जुलै असा ६१ दिवसांचा आहे, म्हणजे ‘पावसाळ्यात’ हा शब्द अवाजवी मोठा झाला. बंदी यंत्रचलित बोटींना असते आणि बिनयंत्राच्या पारंपरिक होड्या तीतून वगळलेल्या असतात, म्हणून ‘पूर्ण’ हा शब्दही गेला. उरते ते असे: ‘गोव्यात १ जून ते ३१ जुलै या काळात यंत्रचलित बोटींच्या मासेमारीला बंदी असते.’ मथळ्यात एवढी जागा नसेल तर ‘यंत्रचलित मासेमारी ६१ दिवस बंद’ एवढे पुरते.